सगळे स्पीकर तिसरं कडवं गाळतात

आदरणीय भाऊजी,

धाकट्या मेहुणीचा नमस्कार. तो वाकून केलेला समजावा. प्रत्यक्षात मी सध्या वाकत नाही, कारण परवा गाडीला धक्का मारताना कंबरेत जी कळ भरली ती अजून उतरलेली नाही. (गाडीला धक्का का मारावा लागला ते पुढे येईलच, आणि त्याचा दोष मी तुमच्यावर ठेवणार आहे, तेव्हा आत्ताच घोटभर पाणी पिऊन घ्या.) तुमची तब्येत कशी आहे? घशाचं विचारायचं नाही अशी ताईची सक्त ताकीद असल्यामुळे मी गुडघ्यांची चौकशी करते. जिना उतरताना अजून वाजतात, की त्यांनीही तुमच्यासारखं मौन धरलंय? इकडे सगळे ठीक. आईही ठीक. तिला ऐकू कमी येतं आणि बोलायचं पुष्कळ असतं, त्यामुळे तिचं कोणावाचून अडत नाही.

आता, एकाच गावात राहून पत्र कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. तर मग दुसरं काय करू? फोन तुम्ही उचलत नाही. ताई उचलते, मागून तुमची कुजबुज ऐकू येते, चांगली लांबलचक कुजबुज, आणि मग ताई दुभाष्यासारखी सांगते की "ते म्हणतायत, बरं आहे." एवढ्या मोठ्या भाषणातून एवढंसंच बाहेर पडतं, तेव्हा बाकीचं मला सांगण्यासारखं नव्हतं हे मी ओळखते. घरी यावं, तर तुम्ही झोपलेले असता. भर दुपारी, चष्मा लावून, हातात पेपर धरून झोपलेले. (मी दाराच्या फटीतून पाहिलं. तुम्ही पान उलटलंत. झोपेत पान उलटणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.) मी काही रागावले नाही. खोटं कशाला बोलू, रागावले होते, पण ताईने चहा दिला. तेव्हा म्हटलं पत्र लिहावं. पत्राला उत्तर द्यायला आवाज लागत नाही, आणि ते वाचताना झोपेचं सोंगही घेता येत नाही.

विषय स्पीकरचा आहे. दरवर्षीप्रमाणे यंदा तळ्याकाठच्या त्या कौलारू बंगलीत जायचं ठरलं आणि ताईकरवी तुमचा निरोप आला, की तुम्ही येणार नाही. गाणं म्हणता येत नाही तर पुढच्या सीटवर नुसतं ओझं कशाला, त्यापेक्षा एक चांगला छोटा स्पीकर घ्या, म्हणजे निदान यावर्षी तरी गाणी सुरात होतील. वर त्या स्पीकरच्या अंगी काय काय गुण असावेत तेही तुम्ही कळवलंत. पिशवीत मावावा, पाण्याचे चार शिंतोडे सोसावेत, मागच्या सीटपर्यंत ऐकू जावा, आणि जाऊनयेऊन एका चार्जिंगमध्ये भागावं. भाऊजी, यातला मागच्या सीटचा गुण सोडला तर तुमच्यात यातलं काय होतं हो? तुम्ही कुठल्या पिशवीत मावणार. शिंतोडा उडाला की तुम्हाला सर्दी. आणि चार्जिंगचं म्हणाल, तर प्रत्येक टपरीवर गाडी थांबवून तुम्हाला चहा पाजावा लागायचा, तेव्हा कुठे पुढचं गाणं सुरू व्हायचं. तरी इतकी वर्षं आम्ही तुम्हाला घेऊन जात होतो ना? एका शब्दाने तक्रार केली? (केली. वळणावर ताल धरायला डबा वाजवू नका अशी मी दरवर्षी करते. पण ती तक्रार वेगळी.)

मला तुमचा निरोप मुळीच आवडला नाही, हे इथेच लिहून ठेवते. जन्मभर लाकडाच्या वखारीत लिलाव पुकारलेल्या माणसाचा आवाज जातो, तेव्हा त्याला काय वाटत असेल ते मला कळत नाही असं नाही. ओंडक्यांच्या राशीवर उभे राहून तुम्ही बोली पुकारायचात तेव्हा फाटकाबाहेरचे हमाल हातातलं काम थांबवून ऐकत. पण तरी. स्पीकर घ्या आणि मला सोडा, हे म्हणजे बदली कामगार पाठवून रजा टाकल्यासारखं झालं, आणि तीही कायमची. मी ताईला तसं म्हटलं. ताई म्हणाली, तूच जाऊन घे स्पीकर, निदान त्यांचं एवढं तरी ऐक. आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिचे डोळे बरे दिसत नव्हते, म्हणून मी वाद वाढवला नाही.

तर आम्ही दोघं दुकानात गेलो. आमचे हे बरोबर होते. (जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनींचे नकाशे काढतात, पण दुकानाची गल्ली दोनदा चुकले.) दुकान अरुंद, भिंतीभर मोबाईलची कव्हरं लटकलेली, आणि काचेच्या कपाटामागे मोठा शांत दुकानदार. त्याने एकेक स्पीकर काढून समोर मांडला. एक थर्मासच्या आकाराचा, एक अंगाच्या साबणाएवढा, एकाला अडकवायला कडी, एकाला पट्टा. साबणाएवढ्यावर माझा लगेच जीव जडला, पण तो म्हणाला की बाई, हा खोलीत छान वाटतो, चालत्या गाडीत इंजिनाच्या घरघरीत याचं काही ऐकू यायचं नाही. बाहेर नेणार असाल तर जरा वजनदार घ्या. मग त्याने सांगितलं की कोणाच्याही फोनवरचं गाणं यावर लावता येतं, आणि एकाच जातीचे दोन घेतले तर पुढे एक मागे एक ठेवून दोन्हीकडून तेच गाणं ऐकता येतं. आमच्या ह्यांनी लगेच विचारलं, की दोन घेतल्यावर ते एकमेकांशी भांडणार तर नाहीत? त्यांना बिचाऱ्यांना दोन माणसं एकाच सुरात गातात हा अनुभव आपल्या गाडीत कधी आलेलाच नाही.

कोपऱ्यात एक विटेसारखा ओबडधोबड स्पीकरही होता. त्याच्याबरोबर कॉलरला लावायचा बोंडाएवढा माईक होता. हा कोण नेतं असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, शाळेतल्या बाई नेतात. मोठा वर्ग असतो, घसा जपायला बरा पडतो. मी म्हटलं, आम्हाला गाणारा पाहिजे, शिकवणारा नको. आणि त्याने ती वीट परत कोपऱ्यात ठेवली.

मग दुकानदाराने विचारलं की कुठलं गाणं लावून दाखवू. आता आपल्या गाडीत दुसरं कुठलं गाणं असतं? मी म्हटलं, ते जुनं नावाड्याचं गाणं लावा. बिचाऱ्याने ते ऐकलेलंही नव्हतं, पण शोधून लावलं. भाऊजी, तुम्हाला काय सांगू. ते गाणं सुरू झालं आणि आम्ही दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. स्पीकर बिघडलेला होता. 'नावाड्याऽऽ' ही पहिली हाक कशी लांबच लांब जाते? ती याने चुटकीसरशी संपवली. चाल भलतीच, लगबगीची, सुटणारी गाडी पकडायला निघाल्यासारखी. मी दुकानदाराला म्हटलं की हा पळवतोय गाणं. त्याने बटणं दाबून पाहिली, म्हणाला, नाही बाई, बरोबर आहे. पुढे ऐकलं तर दोन कडवी झाली आणि गाणं खलास. मी म्हटलं, तिसरं कडवं कुठंय? तो म्हणाला, एवढंच आहे. मी म्हटलं, असं कसं एवढंच, नाव गळते ते कडवं, आईला मधल्या फळीवर बसवतात ते.

त्याने दुसरा स्पीकर लावला. त्यातही तोच दोष. तिसरा, तसाच. आमचे हे माझ्या कानाशी लागले की अख्खा लॉटच खराब आलेला दिसतो, आपण दुसऱ्या दुकानात बघू. दुकानदाराने ते ऐकलं असावं, पण त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, तुम्ही थर्मासवाला घरी घेऊन जा, हवा तिथे वाजवून बघा, नाही पटला तर परत आणून द्या. (आमच्या मागे गिऱ्हाइकांची रांग लागली होती, त्यामुळे हा चांगुलपणा होता की सुटका करून घेणं, हे मी ठरवू शकलेले नाही.)

दुसऱ्या दिवशी मी तो कामावर नेला. आमची प्रयोगशाळा तुम्ही पाहिलेली आहे. दवाखान्यामागची ती लांबट खोली, खिडकीखाली माझं टेबल, आणि टेबलावर प्लॅस्टरचे साचे आणि कोणाच्या ना कोणाच्या तयार होत आलेल्या कवळ्या ओळीने मांडलेल्या. मी थर्मास मधे उभा केला, गाणं लावलं, आणि आवाज वाढवला. त्याबरोबर टेबल थरथरायला लागलं आणि सगळ्या कवळ्या कडकड वाजायला लागल्या. वरचे दात खालच्या दातांवर, तालात, ओळीने सगळे. कोरस म्हणावा तर असा. एक वरची कवळी नाचत नाचत टेबलाच्या कडेपर्यंत गेली, ती मी वरच्यावर झेलली. तेवढ्यात बाहेर बसलेल्या कोणा बाईचा फोन या स्पीकरला आपोआप जोडला गेला, आणि गाण्याच्या जागी एकदम मालिकेतली सून कडाडली, की मी तुम्हाला या जन्मात क्षमा करणार नाही. आत डॉक्टरीणबाई एका आजोबांच्या तोंडाचं माप घेत होत्या. आजोबांचं तोंड मेणाने भरलेलं, त्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही, पण त्यांनी दोन्ही हात जोडले असं बाई नंतर म्हणाल्या. स्पीकर माझ्या पिशवीत गेला आणि मीही दिवसभर गप्प बसून दात घासत राहिले. (म्हणजे कानशीने. हा खुलासा तुम्हाला नाही, पण पत्र दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर असावा.)

आता गाडीचा प्रसंग. मी म्हटलं, शेवटचा एक प्रयत्न म्हणून सगळ्यांना घेऊन एक फेरी मारू, प्रत्यक्ष चालत्या गाडीत वाजवून बघू. त्या दिवशी ताई तुम्हाला भाजी आणायला जाते असं सांगून निघाली आणि भाजी न घेताच परत आली, हे तुमच्या नजरेतून सुटलं नसणारच. ती आमच्याबरोबर होती. आईला नेहमीसारखं मधल्या सीटवर बसवलं, आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना. पुढे हे चालवायला. तुमच्या सीटवर स्पीकर ठेवला आणि, हसू नका, त्याला पट्टा लावला. तो फोनला जोडला गेला की त्यातून एक बाई परक्या भाषेत काहीतरी बोलते. आईने तिला मान लववून, आम्ही बरे आहोत, तुम्ही कशा, असं विचारलं. मी तिला समजावलं नाही. कुठवर समजावणार?

पाण्याच्या टाकीमागचा चढ आला आणि ह्यांनी खूण केली. मी गाणं लावलं. 'नावाड्याऽ' अशी हाक आली आणि लगेच संपली. आणि काय झालं असेल सांगा. हाक संपली तसा ह्यांचा हात सवयीने गिअरवर गेला, भर चढात त्यांनी गिअर बदलला, गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. मी म्हटलं, अहो, अर्ध्या चढात कशाला बदललात? तर हे चक्रावून म्हणाले, हाक संपली ना! भाऊजी, हा माणूस इतकी वर्षं बंगलीच्या वाटेवरच्या घाटात तुमच्या सुरावर गिअर बदलत आलाय, हे मला त्या दिवशी कळलं. आणि मुख्य म्हणजे त्यांनाही त्याच दिवशी कळलं. गाडी काही केल्या चालू होईना. आम्ही दोघी बहिणी उतरून धक्का मारायला लागलो (कंबर, कंबर), आणि वर तो नावाडी आमची फिकीर न करता दुसरं कडवं गात होता.

गाडी कशीबशी माथ्यावर लागली. आम्ही आत बसलो तेव्हा दुसरं कडवं संपत आलं होतं. संपलं. आणि आम्ही चौघांनी एकदम श्वास घेतला आणि सुरू केलं, 'नाव गळते, गळू दे रे'. स्पीकर तोवर पुढच्या गाण्यावर गेला होता. तिकडे कोणीतरी भलतंच गात होतं, आणि इकडे आमचे चार निरनिराळे आवाज हवेत लटकले. मी तो बंद केला. आई म्हणाली, "हा गाणारा कच्चा आहे. अर्धंच शिकलाय. आपल्या जावयांना विचारा म्हणावं." आई गंभीरपणे बोलत होती. मीही तितक्याच गंभीरपणे तिच्याशी सहमत होते.

तेव्हा ताई हसायला लागली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले, आणि मग पुसतच राहिली. म्हणाली, अरे वेड्यांनो, मीही सवयीने गायले, पण ते गाणं दोनच कडव्यांचं आहे. तिसरं यांचं आहे. आणि मग तिने सगळं सांगितलं, जे तुम्ही कोणाला कधी सांगितलं नाहीत. जुन्या गाडीचं छत गळायला लागलं होतं ते वर्ष. बाहेर पाऊस, आत पाऊस, रस्ता दिसत नव्हता, आणि आई भेदरून देवाचं नाव घेत होती. तुम्ही तिला उठवून मधे बसवलंत आणि नावाड्याचं गाणं सुरू केलंत. दोन कडवी संपली तरी आईचा देवाचा धावा थांबेना, तेव्हा तुम्ही न थांबता पुढे जोडलंत:

नाव गळते, गळू दे रे, कोरडी आहे मधली फळी,
आईला बसव मधोमध, भिजू बाकी मंडळी.

त्या दिवसापासून आई मधल्या सीटवर बसते. आम्हाला वाटायचं की गाण्यात तसं आहे म्हणून बसते. आणि पहिल्या हाकेचं ताईने सांगितलं ते ऐकून तर ह्यांनी गाडी कडेला घेतली. हे तेव्हा नवीन नवीन चालवायला शिकले होते आणि चढ दिसला की घाबरून मधेच गिअर बदलायचे. तुम्ही त्यांना शिकवलं नाहीत, टोकलं नाहीत. चारचौघांत, सासूसमोर, कशाला? फक्त एकदा म्हणालात की मी हाक दिली की ती संपेपर्यंत काही करू नका, माझा सूर हलतो. आणि चढाचा माथा येईपर्यंत तो सूर धरून ठेवलात. दम लागायचा, मानेच्या शिरा फुगायच्या, आणि मी मागून म्हणायचे, पुरे हो भाऊजी, कान किटले. ताईचं बोलून झाल्यावर हे खाली उतरले आणि गाडीभोवती फिरून चारी टायरांना पायाने दाबून आले. टायरांना काही झालेलं नव्हतं. थोडा वेळ लागला त्यांना परत यायला.

तुमच्या गाण्याचं शेपूट तुमचं असतं हे आम्हाला माहीत होतं. दरवर्षी गाडीचं जे काही बिघडलेलं असेल ते तुम्ही शेवटी जोडता, गेल्या वर्षीचं 'हॉर्न बसला, बसू दे रे, मेहुणी आहे ओरडायला' हे मी विसरलेले नाही आणि माफही केलेलं नाही. पण अंगही तुमचंच आहे हे कोणाला माहीत होतं? मला खरं गाणं कसं आहे ते माहीतच नव्हतं. दुकानदाराकडे एवढे स्पीकर खरं गाणं वाजवत होते आणि मी त्यांना बिघडलेले म्हणत होते. त्या माणसाची माफी मी मागून आले. तो म्हणाला, राहू द्या बाई, तिसरं कडवं तेवढं मला लिहून देता का?

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरतेय, ती सांगते आणि थांबते. माझं सगळं आयुष्य गेलेल्या गोष्टीच्या जागी दुसरी बसवण्यात गेलं. कवळी हातात दिली की पहिल्या दिवशी प्रत्येक जण म्हणतो, हे माझे दात नाहीत. मी म्हणते, नाहीतच, पण जेवता येईल. पुढे सवय होते, हसताही येतं. बदली वस्तूला मी कमी लेखत नाही, भाऊजी, माझं पोट त्यावर आहे. पण आजवर कोणी मला असं सांगितलं नाही की दात पडले आहेत, तेव्हा कवळी तेवढी जेवायला पाठवतो, मी घरीच बसतो. कवळी बसवायला तोंड तर हजर पाहिजे ना? तुम्ही स्पीकर धाडून स्वतः घरी बसणार, हा तसला प्रकार आहे. स्पीकरला आई कुठे बसलीय ते दिसत नाही. चढ किती उरलाय ते दिसत नाही. तुमचा सूर गेला, त्याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं, आणि हे मी तोंडाने कधीच बोलणार नाही म्हणून इथे लिहिलं. पण आम्ही दरवर्षी ज्याच्या भरवशावर घाट चढलो तो काही नुसता सूर नव्हता.

तेव्हा स्पीकर खरेदीचा अहवाल असा, की थर्मास परत केला आहे. आमचा स्पीकर घेण्याचा विचार सध्या नाही. गाडीत शांतता असेल, हे गिअर स्वतःच्या अकलेने बदलतील, आणि जे व्हायचं ते होईल. ताईची आणि गुडघ्यांची काळजी घ्या.

तुमची मेहुणी,
जिला तुम्ही हवालदार म्हणता ती

ता. क. वर स्पीकर घेतला नाही असं लिहिलंय ते तितकंसं खरं नाही. थर्मास परत केला आणि त्याच्या बदल्यात ती वीट आणली, कॉलरच्या माईकवाली. दिसायला ओबडधोबड आहे, पिशवीत नीट मावत नाही, आणि तुमच्या यादीतला मागच्या सीटचा तेवढा एक गुण तिच्यात आहे. म्हणजे तुमच्यासारखीच. त्यात गाणं चढवायचं नसतं. पुढच्या सीटवर बसून जे कोणी कुजबुजेल ते शेवटपर्यंत ऐकू जातं.

ता. क. दुसरा. मी खात्री करून घेतली आहे. गाडी दारात उभी होती, आईला मागे बसवलं, पंख्याचा आवाज पुरा चालू ठेवला आणि मी पुढे बसून माईकमध्ये अगदी श्वासाएवढ्या आवाजात म्हटलं, "भाऊजी येतील का गं यंदा?" तुम्हाला माहीत आहे, आईला काही ऐकवायचं तर मला शेजारपाजार जागा करावा लागतो. तिने मागून स्वच्छ उत्तर दिलं. "येतील की. त्यांची जागा मोकळी ठेवा, तिथे काही सामान टाकू नका."

ता. क. तिसरा, आणि यासाठीच हे सगळं पत्र. गाडी यंदा ठणठणीत आहे. हॉर्न दुरुस्त केला, छत गळत नाही, काही म्हणता काही बिघडलेलं नाही, त्यामुळे शेपटाला विषयच उरला नाही असं मी म्हणत होते. तर आईने आपल्या मनाने एक ओळ सुरू केली आहे: 'घसा बसला, बसू दे रे'. पुढचा तुकडा तिला सुचत नाही. ताईला सुचतो, पण ती रडते. ह्यांनी केला तो नकाशासारखा झाला. मला तर यमक जुळवता येत नाही हे तुम्ही जाणताच. पुढचा तुकडा सुचला तर घेऊन या. नाही सुचला तर तसेच या.